वसंतरावांचा चौदावा परिच्छेद

युरोपचं राजकारण मला पेपर वाचून कधी कळलं नाही, ते आमच्या नाश्त्याच्या ऑर्डरींवरून कळलं. मी आणि माझे यजमान राजाभाऊ, आमचं अबू धाबीत हमदान स्ट्रीटच्या मागे छोटंसं किचन होतं. ऑफिसांना नाश्ता, बॅचलर मुलांना डबे, सणावाराला श्रीखंड. गिऱ्हाइकांत एक युरोपियन एम्बसीही होती. ती मिळाली वसंतरावांमुळे.

वसंतराव तिथे एकोणऐंशी सालापासून होते. पुण्याहून टायपिस्ट म्हणून आले आणि हळूहळू फायली, टपाल, खुर्च्या, चहा, सगळं त्यांच्याकडे आलं. देश युरोपातला, लहानसा. वसंतरावांनी तो कधी पाहिलेला नव्हता, पण बोलताना ते त्याला 'आमचा देश' म्हणत. राजाभाऊ त्यांना चिडवायचे, की काय वसंतराव, तुमच्या देशात आज बर्फ पडला का? वसंतराव गंभीरपणे सांगायचे, की पडला, सकाळच्या टेलेक्समध्ये होतं.

आता त्यांचं काम कसं चाले ते सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. युरोपातल्या पंधरा देशांनी तेव्हा ठरवलं होतं की बाहेरच्या जगाशी बोलायचं ते एका आवाजात. त्यांच्यापैकी अकरा देशांच्या एम्बस्या अबू धाबीत होत्या. ते अकरा राजदूत महिन्यातून एकदा जमत, एखाद्या कागदावर चर्चा करत आणि सगळ्यांचं एकमत झालं की तो कागद राजधान्यांना जाई. एकानं जरी नाही म्हटलं तरी कागद अडे. लहान देश असो की मोठा, प्रत्येकाचं वजन सारखं. वसंतरावांना या नियमाचं फार कौतुक होतं. आपल्या सोसायटीच्या मीटिंगमध्येसुद्धा असं नसतं, असं ते म्हणायचे.

सत्त्याण्णवच्या उत्तरार्धात या बैठका भरवायचं काम त्यांच्या एम्बसीकडे आलं. ज्या देशाची पाळी होती त्याची इथे एम्बसीच नव्हती. मग वसंतरावांचा आदल्या दिवशी मला फोन यायचा, 'सुचित्राताई, उद्या दहाला अकरा प्लेटी.' काकडीचे सँडविच, मिरची न घातलेले छोटे बटाटेवडे आणि त्यांच्या साहेबांना, म्हणजे राजदूतांना, आवडतो म्हणून शिरा.

पण कधीकधी ऑर्डर वेगळी असे. साडेआठला पाच प्लेटी आणि दहाला अकरा. या पाच म्हणजे चार मोठ्या देशांचे राजदूत, आणि पाचवे यजमान म्हणून वसंतरावांचे साहेब. ही बैठक कुठल्या कागदावर नसे. साहेबांच्या डायरीत त्या वेळेला 'डेंटिस्ट' असं लिहिलेलं असे. पाचजण मागच्या छोट्या खोलीत बसत, कुणी टिपणं घेत नसे, दार लावलेलं असे. घंटी वाजली की वसंतराव चहा घेऊन जात आणि मान खाली घालून बाहेर येत. 'त्या खोलीत मी बहिरा असतो,' असं त्यांनीच एकदा सांगितलं होतं. बाकीच्या सहांना हे ठाऊक नसे, किंवा ठाऊक असून ते तसं दाखवत नसत.

मी तोंडाची फटकळ आहे आणि डोळ्यांनी आंधळी नाही. माझ्या लक्षात आलं, की ज्या दिवशी पाच प्लेटी जातात, त्या दिवशी दहाच्या बैठकीतले वडे हात न लागता परत येतात. खाण्याइतका वेळ ती बैठक चालतच नसे. सगळं आधीच ठरलेलं असे, अकराजण नुसते माना हलवून उठत. मी वसंतरावांना हे बोलून दाखवलं तेव्हा ते हसले. म्हणाले, चहा घेता घेता चार माणसं बोलणारच, शेवटी कागदाला अकराजणांचं एकमत लागतं.

त्यांचा मोठा मुलगा रुपेश. पुण्यात मेकॅनिकलचा डिप्लोमा करून इकडे आला आणि शारजा औद्योगिक क्षेत्रात टँकर धुण्याच्या एका यार्डात सुपरवायझर म्हणून लागला. दुबईत अल मनखूलला दोन मित्रांबरोबर खोली घेऊन राहायचा, सुट्टीला अबू धाबीला आईकडे यायचा आणि वाटेत माझ्या किचनमध्ये डोकावून हातात मिळेल ते खाऊन जायचा. सव्वीस वर्षांचा होता. त्याचं हसणं जिन्यातून ऐकू यायचं. 

ऑगस्टमध्ये एका दुपारी त्याच्या यार्डातले दोन मजूर एका टँकरच्या पोटात उतरले आणि आत वाफेनं कोसळले. रुपेश त्यांना काढायला उतरला. एकाला त्यानं वर ढकललं. दुसरा आणि तो आतच राहिले.

दुबईच्या स्मशानात त्याला अग्नी दिला, तेव्हा एम्बसीचे साहेब त्या उन्हात काळा सूट घालून शेवटपर्यंत उभे होते. मला तेव्हा त्या माणसाबद्दल फार आदर वाटला. तो माणूस खोटा होता असं मी आजही म्हणणार नाही.

पंधरा दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. संबंधित कर्मचाऱ्यानं सुरक्षेचे नियम मोडून, कोणाचीही परवानगी न घेता, स्वतःच्या जबाबदारीवर टाकीत प्रवेश केला. चार ओळी, खाली सही. तिकडे सगळ्यांनी तेच धरलं आणि प्रकरण मिटलं. आणि नातेवाईक. साताऱ्याहून वसंतरावांच्या बहिणीचा फोन आला, रडता रडता ती म्हणाली की पोरगं पहिल्यापासून जरा उतावीळच होतं. रुपेशच्या आईनं, कमलिनीवहिनींनी, फोन खाली ठेवला आणि त्या नणंदेशी नंतर कधी बोलल्या नाहीत. रुपेशची धाकटी बहीण पर्णिका तेव्हा नववीत होती. तिला जवळ घेतलं की ती नुसतं 'आय ॲम फाइन, आंटी' म्हणायची आणि अंग आखडून घ्यायची.

खरं काय झालं ते वसंतरावांना ठाऊक होतं. वाचलेला मजूर हॉस्पिटलमध्ये होता. वसंतराव त्याच्या खाटेशी बसले आणि त्यानं स्वतः पाहिलेलं आणि सोबतच्या मजुरांनी त्याला सांगितलेलं, तो हिंदीत बोलेल तसं त्यांनी लिहून घेतलं. श्वास घ्यायचे मास्क कपाटात होते. कपाटाला कुलूप होतं. किल्ली मॅनेजरच्या खिशात आणि मॅनेजर गावाबाहेर. रुपेशनं त्याला फोन लावला. मॅनेजर म्हणाला, टँकर तासाभरात सुटायला हवा, तसंच काम चालू ठेव. रुपेश नाही म्हणाला. तोवर दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून दोघे उतरले होते. रुपेशनं कुलूप लोखंडी पहारीनं तोडायचा प्रयत्न केला, तुटलं नाही, मग तोंडाला ओला रुमाल बांधून तो उतरला. ही जबानी दिल्यावर आठवड्यात त्या मजुराचा व्हिसा रद्द झाला आणि तो विमानात बसवला गेला. खलास. साक्षीदार संपला.

कमलिनीवहिनींना भरपाई नको होती, कुणाला शिक्षाही नको होती. त्यांना एक कागद हवा होता. 'कंपनीनं कागदावर लिहिलं ना, की माझ्या मुलाची चूक? मग दुसऱ्या कुठल्यातरी कागदावर असू दे की नव्हती,' एवढंच त्यांचं म्हणणं. वसंतरावांनी त्यांना शब्द दिला, की असा कागद आणून देतो.

शब्द द्यायला त्यांच्याकडे आधार होता. ती कंपनी अर्धी एका मोठ्या युरोपियन देशातल्या उद्योगाची होती, आणि नेमका त्याच वेळी राजधान्यांनी अकरा राजदूतांकडून एक अहवाल मागवला होता, की आपल्या कंपन्या आणि त्यांचे ठेकेदार इथे मजुरांना कसं वागवतात. साहेबांनी वसंतरावांना केबिनमध्ये बोलावलं, ती जबानी मागून घेतली आणि सांगितलं की हे मी अहवालात घालतो. कंपनीचं नाव येणार नाही, मुलाचंही नाही. पण तारीख येईल, वय येईल आणि कुलूप येईल. अहवालाचा चौदावा परिच्छेद, सात ओळींचा. वसंतरावांनी तो स्वतः टाइप केला. 'सव्वीस वर्षांच्या पर्यवेक्षकाला संरक्षक साधनं नाकारण्यात आली होती' हे वाक्य त्यांनी घरी येऊन वहिनींना मराठीत सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या किचनमध्ये येऊन आम्हालाही. ऑगस्टनंतर त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा चहा पूर्ण पिताना पाहिलं.

नोव्हेंबरमध्ये अहवाल बैठकीपुढे यायचा होता. आदल्या दिवशी फोन आला. साडेआठला पाच, दहाला अकरा.

 मी म्हटलं, 'वसंतराव, उद्या तुमचा पेपर आहे ना? मग पाच कशाला?'

'इराकचं काहीतरी असेल. सध्या रोज तेच चाललंय,' ते म्हणाले.

'साहेबांना विचारा तरी.'

'अहो ताई, चेअरवर आपलेच साहेब आहेत. आणि रूल आहे. एकजण जरी नाही म्हणाला तरी काही बदलता येत नाही. टेन्शन नका घेऊ. इन्शाल्ला होईल.'

मला त्यांचा राग आला आणि तो अजून गेलेला नाही. अठरा वर्षं हा माणूस त्या खोलीत चहा नेत होता. कुठे काय ठरतं हे त्यांच्याइतकं अबू धाबीत कुणाला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या कुणाचा कागद असता तर त्यांनीच सांगितलं असतं, की पाच प्लेटी आहेत, आशा सोडा. स्वतःच्या मुलाची वेळ आली तेव्हा मात्र त्यांनी लिहिलेल्या नियमावर विश्वास ठेवला. आणि त्या पाच प्लेटी त्यांनी स्वतःच्या तोंडानं मागवल्या.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः नाश्ता घेऊन गेले. एम्बसीच्या पँट्रीत मी वडे मांडत होते. घंटी वाजली. वसंतराव ट्रे घेऊन गेले आणि मिनिटभरात परत आले. ट्रे जसाच्या तसा हातात होता, कप भरलेले. मी काय झालं विचारलं तर म्हणाले, साखर विसरलो. साखर ट्रेमध्येच होती. ते पुन्हा आत गेले आणि या वेळी चहा ठेवून आले. मग पँट्रीतल्या स्टुलावर बसले. आत त्या पाचजणांच्या टेबलावर अहवालाचं पान होतं, त्यांच्या हातचं टाइप केलेलं. चौदाव्या परिच्छेदावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पेन्सिलीची रेघ होती आणि पेन्सिल त्यांच्या साहेबांच्या हातात होती. त्या चौघांपैकी एक त्या कंपनीच्या देशाचा, दुसऱ्याच्या देशाचा इथे कसलासा मोठा सौदा चालू, उरलेले दोघे त्यांना दुखवायला तयार नाहीत. एवढं वसंतरावांना पुढे कळलं. त्या क्षणी त्यांनी फक्त रेघ पाहिली. साहेबांनी त्यांच्याकडे वर न बघता 'थँक्यू, वसंत' म्हटलं होतं.

दहाची बैठक वीस मिनिटांत संपली. दुसऱ्या एका लहान देशाच्या बाई होत्या, त्यांनी विचारलं म्हणे, की आधीच्या मसुद्यात चौदावा मुद्दा होता तो कुठे गेला. साहेब म्हणाले, त्यावर विचार झालेला आहे. बाईंनी आजूबाजूला पाहिलं. नाही म्हणायचा हक्क त्यांना होता, पण त्या बोलल्या नाहीत. वडे सगळे परत आले. मी ते घरी आणले नाहीत, वाटेत टाकून दिले.

बैठकीचा वृत्तांत दुपारी टाइपिंगला आला, तो वसंतरावांकडेच. त्यात शेवटची ओळ होती, की अहवाल एकमतानं संमत झाला. त्यांनी ती टाइप केली, तपासली आणि सहीला पाठवली. 'एकही स्पेलिंग मिस्टेक नव्हती,' असं त्यांनी राजाभाऊंना सांगितलं, आणि मग आमच्या किचनच्या पायरीवर बसून ते लहान मुलासारखे रडले. राजाभाऊ त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. 

संध्याकाळी साहेबांनी वसंतरावांना बोलावून समजावलं होतं, की कागदावर आलं असतं तर त्या देशानं अख्खा अहवाल अडवला असता, आता त्यांचे राजदूत कंपनीशी खासगीत बोलणार आहेत, आणि कागदापेक्षा अशा बोलण्यातून जास्त साधतं. वसंतरावांनी सगळं ऐकून घेतलं. अठरा वर्षांत उलट उत्तर दिलेलं नव्हतं. ते एवढंच म्हणाले, 'सर, चहा आणायच्या आधी मला सांगायला हवं होतं.' साहेबांनी चष्मा काढला आणि तो पुसायला घेतला. त्या देशाचे राजदूत कंपनीशी बोलले की नाही, कुणी कधी सांगितलं नाही.

खरी गोष्ट मला पुढची सांगायची आहे.

वसंतरावांनी आयुष्यात ऑफिसची टाचणी घरी आणली नव्हती. त्या दिवशी त्यांनी ते पान आणलं, रेघ मारलेलं. परिच्छेद पुन्हा टाइप करून बिनरेघेचा कागद नेणं त्यांना दोन मिनिटांचं काम होतं. पण ते खोटं कागदपत्र झालं असतं, आणि खोटं ते टाइप करत नसत. म्हणून त्यांनी खोडरबर घेतला आणि ती पेन्सिलीची रेघ पुसून काढली. मग घरी जाऊन वहिनींच्या हातात कागद दिला आणि सांगितलं, की हे घे. गेलं हे अकरा राजधान्यांना.

हे मला राजाभाऊंकडून कळलं. वसंतरावांनी त्यांना शपथ घातली होती, पण आमच्या घरात शपथा टिकत नाहीत. मी गप्प बसले. वहिनींनी कागद देवघरात अन्नपूर्णेच्या मूर्तीखाली ठेवला. मी गेले की बघायची, तो तिथेच असायचा. वहिनी हळूहळू सावरल्या. भिशीला यायला लागल्या. गणपतीत मोदकांच्या पाऱ्या करायला आल्या. कुणी रुपेशचा विषय काढलाच तर शांतपणे म्हणायच्या, की आमच्याकडे कागद आहे. वसंतराव तेव्हा दुसरीकडे बघत, पण त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसायची. मला वाटे, खोटं तर खोटं, एका आईला आधार मिळाला. देव माफ करील.

दोन हजार दोनमध्ये वसंतराव रिटायर झाले. पर्णिका शिकायला आधीच पुण्याला गेली होती. निघायच्या आठवड्यात मी वहिनींना सामान बांधायला मदत करायला गेले. वसंतराव खाली कार्गोवाल्याशी बोलत होते. भांडी झाली, पुस्तकं झाली, देवघर राहिलं. वहिनींनी मूर्ती रुमालात गुंडाळली आणि तो कागद माझ्या हातात दिला.

'सुचित्रा, जरा वाचून दाखव,' त्या म्हणाल्या. 'मला इंग्रजी येत नाही. यांनी सांगितलं ते पाठ आहे, पण दुसऱ्याच्या तोंडून एकदा ऐकायचंय.'

मी वाचलं. सातही ओळी, एकेक करून मराठीत. तारीख. सव्वीस वर्षं. कपाट, कुलूप, किल्ली. संरक्षक साधनं नाकारण्यात आली होती. माझा आवाज नीट राहावा म्हणून मी कागदाकडेच बघत होते. संपल्यावर मी म्हटलं, 'वहिनी, सगळं लिहिलंय यात. त्याची काहीच चूक नव्हती.'

त्यांनी माझं बोट धरलं आणि कागदावर वरच्या कोपऱ्यात टेकवलं. मग हळूच खाली ओढत नेलं, तिरकं, दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत. बोटाखाली खाच लागत होती. खोडरबरानं पेन्सिल गेली होती, दाबून मारलेली रेघ गेली नव्हती.

'त्याच दिवशी लागली बोटाला,' वहिनी म्हणाल्या. 'रेघ वाचायला इंग्रजी कशाला लागतंय?'

 पाच वर्षं. भिशी, मोदक, आमच्याकडे कागद आहे. शेवटी मी विचारलं, की तुम्ही त्यांना बोलला का नाहीत.

'त्यांचा मुलगाही गेला होता गं. आणि ते खोडताना किती घासलंय बघ, कागद पातळ झालाय. मी विश्वास ठेवला नसता तर त्यांच्याकडे काय उरलं असतं?' त्यांनी डोळे पुसले. 'कुणालातरी एकदा सांगायचं होतं. आता झालं.'

जिन्यात वसंतरावांची पावलं वाजली. वहिनींनी कागदाची घडी घातली आणि मूर्तीच्या रुमालात नीट खोचली. वसंतराव दारात आले, खोक्यांवरून नजर फिरवली आणि विचारलं, 'कागद घेतलास ना आठवणीनं?'

'घेतला,' वहिनी म्हणाल्या. 'तो राहील होय?'